बटण दाबले, पण ऑर्डर का आली नाही?
वेबपेजवरील जावास्क्रिप्टचे नेहमीचे दोष व त्यांचा इलाज

व्यापारात दुकानाचे दार उघडे असणे ही पहिली गोष्ट. गिऱ्हाईक दारापर्यंत आले आणि दार ढकलूनही उघडले नाही, तर ते शेजारच्या दुकानात जाते. आत माल कितीही चांगला असो, त्याचा उपयोग होत नाही. आज आपल्या अनेक व्यापारी बंधूंनी मालाची वेबपेजेस तयार करून घेतली आहेत. त्यावरील ‘ऑर्डर द्या’ हे बटण म्हणजे त्या दुकानाचे दारच होय. हे बटण अडले तर नुकसान होते आणि ते झाल्याचे मालकाला कळतही नाही. दुकानातून परत गेलेले गिऱ्हाईक निदान डोळ्यांना दिसते. वेबपेजवरून परत गेलेले दिसत नाही.

आम्हाला हा अनुभव २०२३ साली रमजानच्या तोंडावर आला. ठोक कापडाच्या धंद्यात ईदपूर्वीचे दिवस वर्षभराची कमाई देणारे असतात. नेमक्या त्याच दिवसांत वेबपेजवरून येणाऱ्या ऑर्डरी घटल्या. बाजार मंदा आहे असे समजून आम्ही स्वस्थ बसलो. दोन आठवड्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, “शेठ, तुमचे बटण दाबून दाबून बोट दुखले. माल द्यायचा नाही का?” आम्ही लगेच आमच्या संगणकावर पेज उघडून पाहिले. बटण व्यवस्थित चालत होते. तरीही आम्ही पेज बनवणाऱ्या तरुणाला बोलावून घेतले, चार शब्द सुनावले आणि त्याची उरलेली रक्कम अडवून ठेवली. दोष कोणाचा होता हे पुढे येईलच. या निमित्ताने त्या तरुणाजवळ बसून आम्ही जे शिकलो, ते व्यापारी बंधूंच्या व या क्षेत्रात उतरणाऱ्या आपल्या मुलांच्या उपयोगी पडावे, म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

जावास्क्रिप्टचे काम काय?

वेबपेज तीन गोष्टींनी उभे राहते. एचटीएमएल ही दुकानाची बांधणी, सीएसएस ही रंगरंगोटी आणि जावास्क्रिप्ट हा दुकानातला नोकर. गिऱ्हाइकाने मागितले की थान उलगडून दाखवायचे, हिशोब करायचा, ऑर्डर लिहून घ्यायची, ही कामे त्याची. ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत झाला होता. जावा ही भाषा वेगळी आणि जावास्क्रिप्ट वेगळी, हेही ध्यानात ठेवावे.

पेजवरील बटण, चौकट, चित्र अशा प्रत्येक वस्तूला एलिमेंट म्हणतात. जावास्क्रिप्टला दोन कामे सांगावी लागतात. एक, अमुक एलिमेंट शोध. दोन, त्यावर क्लिक झाले की अमुक काम कर. बहुतेक बिघाड या दोन कामांपैकी एकात असतो.

आधी कन्सोल पाहावा

हकीम आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. इथे नाडी म्हणजे कन्सोल. विंडोजच्या संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ ही कळ दाबली की एक खिडकी उघडते. तीत ‘कन्सोल’ नावाचा भाग असतो. तिथे लाल ओळ असेल, तर ती आधी वाचावी. कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर गाडी अडली हे तिथे लिहिलेले असते. एका ओळीवर गाडी अडली की त्या स्क्रिप्टच्या पुढच्या ओळी चालतच नाहीत. म्हणून एका बटणाच्या चुकीने दुसरी चार बटणेही बंद पडतात. अशा वेळी सर्वांत वरची लाल ओळ आधी दुरुस्त करावी.

लाल ओळ नसेल, तर क्लिकच्या कामाची जी पहिली ओळ असेल तिच्या आधी ‘कन्सोल डॉट लॉग’ची एक ओळ टाकावी. बटण दाबल्यावर तो मजकूर उमटला, तर क्लिक पोचते आहे आणि दोष पुढच्या कामात आहे. उमटला नाही, तर क्लिकच पोचत नाही. एवढ्याने अर्धा शोध संपतो.

एलिमेंट सापडत नाही

नेहमी आढळणारी एक लाल ओळ ‘नल’ या शब्दाची असते. ‘नल’चे गुणधर्म वाचता येत नाहीत, असा तिचा अर्थ. म्हणजे नोकराला जे बटण शोधायला पाठवले, ते त्याला मिळालेच नाही. याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले कारण वेळेचे. ब्राउझर पेज वरून खाली वाचतो. स्क्रिप्ट वरच्या भागात असेल आणि बटण खाली असेल, तर स्क्रिप्ट चालते तेव्हा बटण अजून जन्मालाच आलेले नसते. इलाज सोपा आहे. स्वतंत्र फाइलमधील स्क्रिप्टच्या टॅगमध्ये ‘डिफर’ हा शब्द लिहावा, म्हणजे पेज पूर्ण वाचून झाल्यावर ती चालते. किंवा स्क्रिप्ट पेजच्या अगदी शेवटी ठेवावी.

दुसरे कारण नावाचे. बटणाला दिलेला आयडी आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलेला आयडी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. इंग्रजीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे असतात आणि जावास्क्रिप्ट त्यांत फरक करते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूतही हा भेद नाही आणि मराठीतही नाही. त्यामुळे आपल्या मुलांच्या नजरेतून ही चूक सहज निसटते. आयडीचे नाव सर्व लहान अक्षरांत ठेवण्याची सवय लावली तर ही भानगड मिटते.

तिसरे कारण खुणेचे. ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ला नुसते नाव द्यायचे असते, ‘क्वेरी सिलेक्टर’ला मात्र आयडीच्या आधी हॅशची खूण लागते. या दोहोंची गल्लत झाली की एलिमेंट मिळत नाही. शिवाय एक आयडी एकाच एलिमेंटला द्यावा. आम्ही दहा थानांच्या दहा बटणांना एकच आयडी दिला होता. परिणाम असा, की पहिले बटण चाले आणि बाकीची नऊ मुकी.

क्लिक ऐकले जात नाही

एलिमेंट सापडले तरी काम होत नाही, याचीही कारणे आहेत. क्लिक झाल्यावर करायच्या कामाचे फक्त नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लिहिला, तर ते काम लगेच, पेज उघडताच होऊन जाते आणि नंतर बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पेज उघडताच ‘ऑर्डर मिळाली’ असा संदेश दिसू लागला, तर आधी हा कंस तपासावा.

‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ने एक बटण नव्हे, बटणांची यादी मिळते. हुकूम यादीला देता येत नाही. यादीतील प्रत्येक बटणाला तो एकेक करून द्यावा लागतो.

मागाहून आलेल्या मालाची अडचण वेगळी असते. ‘आणखी डिझाइन पाहा’ दाबल्यावर जी नवी बटणे पेजवर येतात, त्यांना आधी दिलेला हुकूम लागू होत नाही, कारण हुकूम दिला तेव्हा ती हजर नव्हती. यावर उत्तम उपाय म्हणजे एकेका बटणाऐवजी ती सगळी ज्या मोठ्या चौकटीत आहेत तिलाच हुकूम देणे. क्लिक हे आतल्या एलिमेंटवरून बाहेरच्या एलिमेंटकडे चढत जाते. चौकट ते ऐकते आणि कोणत्या बटणावरून ते आले हे ओळखते. एकच पहारेकरी, पण साऱ्या गाळ्यांवर नजर.

ऑर्डरच्या फॉर्ममधील बटणाचा दोष निराळाच. फॉर्ममध्ये ठेवलेले बटण, त्याला वेगळा प्रकार सांगितला नाही तर, फॉर्म रवाना करणारे समजले जाते. ‘मीटर वाढवा’ हे बटण दाबले की पेज पुन्हा उघडते आणि भरलेली सगळी माहिती पुसली जाते. अशा बटणाला ‘टाइप बटण’ असे स्पष्ट लिहावे. फॉर्मची रवानगीच थांबवायची असेल, तर फॉर्मच्या ‘सबमिट’ या घटनेत ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ वापरावे.

क्लिक दुसऱ्यालाच लागते

आता आमच्या बंद बटणाची हकीकत. त्या तरुणाने शांतपणे आमच्याच फोनवर पेज उघडले. बटण दिसत होते, पण दाबले जात नव्हते. रमजानच्या सवलतीची एक पट्टी पेजच्या तळाशी चिकटवलेली होती. दिसायला ती दोन बोटे उंच होती, पण तिची चौकट अर्ध्या पडद्याएवढी मोठी ठेवली गेली होती. वरचा भाग पारदर्शक असल्याने दिसत नव्हता. फोनच्या लहान पडद्यावर ही अदृश्य चौकट नेमकी बटणावर पसरली होती. बोट लागत होते ते पट्टीला. संगणकाच्या रुंद पडद्यावर बटण बाजूला असल्याने तिथे सर्व ठीक होते आणि आम्ही पाहत होतो ते फक्त संगणकावर.

ही पट्टी त्या तरुणाने लावलेली नव्हती. आमच्या घरातल्याच मुलाने, आमच्याच सांगण्यावरून, त्याला न विचारता लावली होती.

अशा वेळी बटणावर माउसची उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडावे. बटणाऐवजी दुसऱ्याच एलिमेंटचे नाव समोर आले, तर वर काहीतरी पसरलेले आहे हे निश्चित. फोनचा लहान पडदा संगणकावर आणून पाहण्याची सोयही याच खिडकीत असते. चौकट गरजेपुरती लहान करणे हा खरा इलाज. ते शक्य नसेल तर सीएसएसमध्ये त्या चौकटीला ‘पॉइंटर इव्हेंट्स नन’ असे सांगावे, म्हणजे क्लिक तिच्यातून आरपार खाली जाते. मात्र मग पट्टीवरचे स्वतःचे बटणही बंद होते, त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते.

एकाच्या दोन ऑर्डरी

याच्या उलट दोषही महाग पडतो. नेट मंद असले की गिऱ्हाईक घाईने बटण दोनदा दाबते आणि एकाच्या दोन ऑर्डरी नोंदल्या जातात. आम्ही एका लहान दुकानदाराला अशाच रीतीने दुप्पट ताके पाठवले. येण्याजाण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. पहिले क्लिक होताच बटण बंद करावे आणि ‘ऑर्डर जात आहे’ असे दाखवावे. ऑर्डर जाऊ शकली नाही, तर बटण पुन्हा चालू करण्यास विसरू नये. एवढ्यावरही विसंबू नये. प्रत्येक ऑर्डरला पेजवरच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो नाकारावा.

कधी बोट एकदाच दाबले जाते, पण हुकूमच दोनदा दिलेला असतो. खिडकी प्रत्येक वेळी उघडताना नवा हुकूम जोडला जात असेल, तर तिसऱ्यांदा उघडल्यावर एका क्लिकला तीन ऑर्डरी जातात. हुकूम पेज सुरू होताना एकदाच जोडावा.

आकड्यांचा घोळ

चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून मिळतो. गुणाकारात ती त्याचा आपोआप आकडा करते, म्हणून दर गुणिले मीटर हा हिशोब बरोबर येतो आणि आपण निर्धास्त होतो. बेरजेत मात्र ती मजकुराला मजकूर चिकटवते. ५००० रुपयांच्या मालात २०० रुपये हमाली मिळवली की ५२०० ऐवजी ५०००२०० होतात. बेरजेपूर्वी मजकुराचा आकडा करून घेणे आवश्यक आहे.

आपल्या भागातील गिऱ्हाईक मराठी किंवा उर्दू कीबोर्डवरून त्या लिपीतले अंक लिहिते. जावास्क्रिप्ट ते अंक ओळखत नाही. १,२०० असा स्वल्पविराम टाकलेला आकडा ‘पार्स इंट’ला दिला, तर तो इंग्रजी अंकांत असूनही नुसता १ धरला जातो. म्हणून आधी स्वल्पविराम काढावेत, आपल्या लिपीतील अंक बदलून घ्यावेत आणि मग हिशोब करावा. माप-तोलात कमी-जास्त करू नये ही आपल्या दीनची शिकवण आहे. कमी-जास्त यंत्राने केले म्हणून जबाबदारी टळत नाही.

मालकाने काय करावे?

तक्रार आली की ‘चालत नाही’ एवढेच पुढे कळवू नये. कोणता फोन, कोणता ब्राउझर, काय दाबले, काय दिसले, किती वाजता, हे लिहून द्यावे. दुरुस्ती झाल्यावर जुनेच पेज दिसत असेल तर विंडोजच्या संगणकावर कंट्रोल व शिफ्टसह ‘आर’ दाबून ते ताजे करून घ्यावे. पेजमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची वही ठेवावी. अशी वही आमच्याकडे असती, तर पट्टीचा दोष पहिल्याच दिवशी सापडला असता.

त्या तरुणाची अडवलेली रक्कम आम्ही त्याच संध्याकाळी दिली आणि ज्यांच्यासमोर त्याला बोललो होतो, त्यांच्यासमोरच आमची चूक कबूल केली. ईदचे गेलेले दोन आठवडे काही परत आले नाहीत. आता दर शनिवारी दुकान उघडल्यावर आम्ही आमच्या सर्वांत स्वस्त फोनवरून स्वतःच्याच पेजवर एक ऑर्डर टाकतो आणि ती पोचल्याची खात्री झाली की रद्द करतो. पाच मिनिटांचे काम आहे. व्यापारी बंधूंनी हे जरूर करून पाहावे.