आकाशातून पाण्याचं वजन

जमिनीखालचं पाणी आकाशातून मोजतात, ठाऊक आहे?

अमेरिका आणि जर्मनीने २००२ साली ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह सोडले. एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. खाली वजन जास्त असेल तिथे पृथ्वीची ओढ वाढते. पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, मागचा नंतर. त्यामुळे दोघांमधलं अंतर बदलतं; ते केसाच्या जाडीहूनही कमी बदललं, तरी मोजलं जायचं. २०१७ पर्यंत ते दर महिन्याला पुन्हा मोजायचे. डोंगर जागेवरच असतात, कमीजास्त होतं ते मुख्यतः पाणी.

पंजाब, हरियाणा, राजस्थानात २००२ ते २००८ दरम्यान पाऊस नेहमीसारखा पडूनही उपशामुळे भूजल घटलं, हे असंच कळलं.

पण असे उपग्रह शेकडो किलोमीटरचा मुलूख एकदम बघतात. आपल्या गावची विहीर त्यांना वेगळी दिसत नाही. ती आपणच मोजायची. बैठकीच्या दिवशी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी, दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते बघा आणि बचतीसारखंच वहीत लिहा. हिशेब हातात असला, की उपशाबद्दल ग्रामसभेत ठामपणे बोलता येतं.