अंग आंबले, की इजा झाली?

वेदनेसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, याची एकदा मनाशी उजळणी करून पाहावी. अंग आंबते, मान अवघडते, मनगट मुरगळते, कमरेत उसण भरते, खांद्यातून चमक निघते, फोड ठणकतो, मुका मार आतल्या आत सलतो. दवाखान्यात गेल्यावर मात्र हे सारे धन बाजूला ठेवून आपण ‘दुखतंय’ एवढ्या एकाच शब्दावर डॉक्टरांची बोळवण करतो. उतारवयात काठी हाती घेणाऱ्या वाचकांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या घरच्यांनी हे शब्द पुन्हा नेमकेपणाने वापरायला हवेत. कारण आंबलेले अंग दोन दिवस वाट पाहू शकते, काही वेदना मात्र तासभरही थांबत नाहीत.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव आहे. अशा गावात आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःच्या ताकदीविषयी सहसा शंका नसते. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी नातवंडे अंगणात लाठीकाठीचा सराव करू लागली, की ओट्यावर बसलेल्या आजोबांचे हात शिवशिवतात. “आण इकडे, आमच्या वेळी...” हे वाक्य पुरे होण्याआधीच काठी त्यांच्या हातात असते. जन्मभर मिरची तोडलेल्या आजीही मागे राहत नाहीत. “शेतात राबलेलं अंग आहे, मला काय होतंय?” हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे, उत्तर मात्र त्यांना वाटते तसे नाही.

शेतकाम शरीराला ठरावीक हालचालींत तयार करते. मिरची तोडताना पाठ वाकलेली, हात खाली आणि बोटे चपळ असतात. काठी फिरवताना हात डोक्यावर जातो, खांदा पूर्ण वर्तुळात फिरतो, धड पिळले जाते. शिवाय काठी फिरवण्यापेक्षा तिला थांबवणे किंवा तिची दिशा बदलणे अधिक अवघड असते. वेगात आलेली काठी आवरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि अशा कामातच स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. अंग आंबते ते यामुळे. स्नायूंत आम्ल साचते म्हणून दुखते, ही समजूत आजही अनेक व्यायामशाळांत ऐकू येते. परंतु ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात रक्तातून निघून जाते. थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ सालीच या दुखण्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म फाटण्याशी जोडला होता. तरीही आपला ‘आंबणे’ हा शब्द एका अर्थी अचूक आहे. पीठ आंबायला रात्र जावी लागते, तसेच हेही. दुखणे साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि पाच ते सात दिवसांत ओसरते. तोच सराव पुढच्या वेळी केला, तर त्रास कमी होतो. शरीर तेवढे शिकलेले असते.

माझे सांगायचे तर साठीनंतर प्रथमच काठी धरली, त्या दिवशी शेजारच्या मुलांसमोर मी थांबायलाच तयार नव्हतो. संध्याकाळी झोप छान लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात सदरा घालण्यासाठी पत्नीला हाक मारावी लागली, आणि त्या मदतीबरोबर जे ऐकावे लागले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

वृद्धांच्या हातातील काठीची चर्चा होते तेव्हा पुण्याच्या शांताबाई पवार यांचे नाव निघतेच. २०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, पंचाऐंशीच्या घरातील या आजी रस्त्यावर दोन हातांत दोन काठ्या फिरवताना साऱ्या देशाने पाहिल्या. केरळमधील कळरीपयट्टूच्या गुरू मीनाक्षी अम्मा यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनीही पंचाहत्तरीच्या आसपास मजल मारली होती. ही चित्रे पाहून उभारी येते, ती यावीच. पण या दोघींनीही बालपणीच ही विद्या हाती घेतली होती, हे आपण विसरतो. त्यांचे खांदे सात-सात दशके त्या वळणाला सरावलेले. आपले खांदे कालपासून.

खांद्याचा विचार म्हणूनच आधी करावा. दंडाचे हाड खांद्याच्या खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंचे कंडरे वयानुसार झिजतात, आणि अनेकांच्या खांद्यात ते थोडेफार फाटलेले असूनही कधी दुखत नाहीत. डोक्यावरून जोरात फिरवलेली काठी ही लपलेली दुबळी जागा उघडी करते. हात उचलताना ठरावीक उंचीवर चमक निघणे, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, किंवा कालपर्यंत वर जाणारा हात आज एकाएकी उचलताच न येणे, याला आंबणे म्हणत नाहीत. शेवटचे लक्षण दिसले तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुखरा हात झोळीत घालून आठवडेच्या आठवडे स्वस्थ ठेवला, तर खांदा आखडून बसतो, आणि मधुमेहात हे इतरांपेक्षा अधिक घडते.

मनगटाची दुखणी अंगठ्याच्या मुळाशी सुरू होतात, कोपराची बाहेरच्या बाजूला. मूठ सतत घट्ट आवळणे हे दोन्हींचे सामाईक कारण असते. काठी पक्ष्यासारखी धरावी, निसटू नये आणि गुदमरूही नये. तळहाताचे फोड किरकोळ वाटतात. पण मधुमेहात फोड फुटून चिघळू शकतो, म्हणून हात रोज उजेडात पाहावेत. हाडे ठिसूळ झाली असल्याचे निदान झालेल्यांनी वाकून झटक्याने धड पिळणारे प्रकार पूर्ण वर्ज्य करावेत. पाठीच्या मणक्याला तेवढेही निमित्त पुरते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. काठीचा सराव सुरू केल्यावर डावा हात दुखू लागला, तर घरातील प्रत्येकजण, रुग्णासह, एकच निष्कर्ष काढतो: काठीमुळे असेल. बहुतेक वेळा तो बरोबर असतो, आणि म्हणूनच धोकादायक. आंबलेला स्नायू दाबला की दुखतो, हात हलवला की दुखतो, आणि दुखण्याची जागा बोटाने दाखवता येते. हृदयाची वेदना बहुधा दाबल्याने वाढत नाही. ती छातीवर ओझे ठेवल्यासारखी असते, दंडात, जबड्यात किंवा पाठीत पसरते, श्रमाबरोबर येते आणि थांबल्यावर कधी कमी होते, कधी होत नाही. सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ असेल तर चर्चा करू नये. स्त्रियांत, मधुमेहींत आणि वयोवृद्धांत छातीत कळ न येता नुसती धाप किंवा विलक्षण थकवाही येऊ शकतो. अशा वेळी बाम चोळून “सकाळी बघू” म्हणणे जिवावर बेतू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खेड्यातून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ताच मुळात वेळ खातो. घरातल्या खलबतांनी त्यात भर घालू नये.

डोक्याला लागलेल्या काठीचेही तसेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साध्या वाटणाऱ्या टोल्यानंतरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांच्या कवटीत रक्त हळूहळू साचू शकते; डोकेदुखी, गुंगी, गोंधळलेले बोलणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही उमटतात, आणि तोवर तो टोला घरातले सगळे विसरलेले असतात. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी. डोळ्याला मार लागून अंधूक दिसू लागले, ठिणग्या चमकल्या किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित जावे. जोराच्या सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मोडलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडावर आले असण्याची शक्यता असते. तेव्हाही थेट रुग्णालय.

घरगुती उपायांबद्दल थोडे. नुसत्या आंबलेल्या अंगाला कोमट पाणी, हलके तेल-मालीश आणि थोडी हालचाल मानवते. ताजी सूज असलेल्या जागी मात्र रगडून मालीश करू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींना शेकण्याची गरम पिशवी देऊ नये, कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही. मिरचीतला तिखट अंश काही वेदनाशामक मलमांत मोजून वापरलेला असतो हे खरे आहे. म्हणून कोणी मिरची वाटून खांद्याला लावू नये. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करू शकतात. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही स्नायू दुखतात, तेव्हा अंगदुखी लांबली तर डॉक्टरांना ती यादी दाखवावी. गोळी आपणहून बंद करू नये.

इतके वाचून सूनबाई “आत्याबाई, ठेवा ती काठी” म्हणणार असतील, तर त्यांनी क्षणभर थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे सांगितले आहे. पवित्रा घेणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, नजर आणि हात यांचा मेळ घालणे, हे सारे काठीत आहे. जुन्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत आधी पवित्रे घटवून घेत, शस्त्र मागाहून हाती येई. तो क्रम उतारवयात अधिकच उपयोगी आहे. पहिले दोन आठवडे रिकाम्या हातांनी पावले टाकावीत, मागे भिंत किंवा जवळ खुर्ची असावी. मग हलका, गाठी तासलेला वेळू मधोमध धरून खांद्याखालीच फिरवावा. टोकाला धरलेली हलकी काठीही मनगटाला जड होते. पाच मिनिटे पुरे, आणि मध्ये एक दिवस विश्रांती. समोरासमोर टोले घेण्याचा सराव तरुणांवर सोपवावा. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, त्याचा आनंद मानावा. तो हातात घेण्याची घाई नको. हृदयविकार, डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा नुकताच अस्थिभंग झालेल्यांनी सुरुवातच डॉक्टरांच्या संमतीने करावी.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना “दुखतंय का?” असे विचारू नये, वडीलधारी मंडळी “नाही” म्हणतात. “कुठे आंबलंय, की कुठे कळ येतेय? बोटाने दाखवा, आणि तो हात वर करून दाखवा,” असे विचारावे. आंबले असेल तर त्या दिवशी अंगणात फेऱ्या घालाव्यात आणि परवा पुन्हा निम्म्याच वेळाने काठी धरावी.