परागकणाला जात कशी कळते?

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी फलनाचा पाठ घेत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, परागकणाला आपली जात कशी कळते?" वर्गात हशा पिकला. मी कुलूप-किल्लीचे ठरावीक उत्तर देऊन पुढे सरकलो. काही महिन्यांनी एका नातेवाइकांकडे लग्नाची बोलणी चालली असताना एक गृहस्थ मला म्हणाले, "झाडंसुद्धा जातीबाहेर जात नाहीत. तुम्हीच शिकवता ना?" शास्त्रीय मराठीत 'स्पीशीज'ला आपण 'जाती' म्हणतो आणि त्या अर्थाने सगळी माणसे एकाच जातीची, हे मी त्यांना तिथेच सांगितले. पण झाडांबद्दलचे त्यांचे म्हणणे तरी खरे होते का? माझे अर्धे उत्तर तेव्हापासून मला बोचू लागले.

परागकण कुक्षीवर पडतो, रुजतो आणि त्यातून एक बारीक नलिका निघते. दोन पुंयुग्मके पोटात घेऊन ही परागनलिका कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि बीजांडातल्या भ्रूणकोशाचे दार नेमके गाठते. तिला वाट कोण दाखवते, हे कोडे शंभर वर्षांहून जुने. अडचण अशी की, बहुतेक फुलांत हा प्रसंग ऊतींच्या आड घडतो. याला अपवाद टोरेनियाचा. पावसाळ्यात रोपवाटिकांत दिसणारे, निळ्या-जांभळ्या पाकळ्यांचे हे छोटे झाड. त्याचा भ्रूणकोश बीजांडाबाहेर डोकावतो, त्यामुळे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसते. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा यांनी तेच निवडले. लेसरने एकेक पेशी नष्ट करून त्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, हाक मारते ती अंडपेशी नव्हे, तर तिच्या शेजारच्या दोन सहायक पेशी. या पेशी ज्या छोट्या प्रथिनांनी हाक मारतात, ती 2009 मध्ये सापडली. त्यांना नाव मिळाले 'ल्यूअर', म्हणजे आमिष.

खरी गंमत पुढे आहे. ही आमिषे ज्या जनुककुलातली आहेत, ते कूळ मुळात राखणदारांचे. डिफेन्सिन नावाची प्रथिने बुरशी आणि जीवाणू यांच्यापासून झाडाचे रक्षण करतात. आमिषे त्यांचीच भावंडे. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या इवल्याशा झाडात डिफेन्सिनसारखी तीनशेहून अधिक जनुके आहेत. एवढा गोतावळा वाढतो तो नकलेतून. पेशी जनुकसंच उतरवून घेताना कधी एखादे जनुक चुकून दोनदा उतरते. मूळ प्रत घरचे काम सांभाळते. जादा प्रतीवर जबाबदारी नसल्याने तिच्यात बदल झाले तरी झाडाचे बिघडत नाही. बहुतेक जादा प्रती कालांतराने निकामी होतात, पण एखादीला नवे काम सापडते. सुसुमु ओनो यांनी 1970 मध्ये हा विचार ग्रंथरूपाने ठामपणे मांडला. राखणदाराच्या घरातला एक मुलगा असा दूत झाला.

डिफेन्सिनसारख्या प्रथिनांचा सांगाडा गंधकयुक्त सिस्टीनच्या जोड्यांनी घट्ट बांधलेला असतो. तो टिकतो, पण मधले भाग झपाट्याने बदलतात. म्हणून सख्ख्या नात्यातल्या दोन जातींचीही आमिषे वेगळी होतात आणि परक्या नलिकेला हाक नीट ऐकू येत नाही. जाती-जातींमधल्या कुंपणाची एक तार ही अशी घडते. ती किती पातळ आहे, हे 2012 मध्ये दिसले. हिगाशियामांच्याच गटाने ॲराबिडॉप्सिसच्या आमिषाचे जनुक टोरेनियाच्या सहायक पेशींत घातले आणि ॲराबिडॉप्सिसची नलिका थेट टोरेनियाच्या भ्रूणकोशात शिरली! दहा कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या दोन वंशांमधले हे अंतर, निदान वाट शोधण्यापुरते, एका जनुकाने ओलांडले. त्या भेटीतून बीज धरत नाही. पुढची कुंपणे वेगळी असतात.

माझ्या कुलूप-किल्लीला शेवटचा धक्का दिला तो पेकिंग विद्यापीठाच्या 2019 मधल्या संशोधनाने. तिथे ॲराबिडॉप्सिसमधली या आमिषांची सगळी जनुके निकामी केली, तरी झाडाला बी नेहमीसारखेच धरले. मग ही आमिषे करतात काय? स्वजातीचे आणि परजातीचे परागकण एकत्र टाकले, तर स्वजातीच्या नलिकांना ती आधी पुढे सोडतात. आमिषे नसली की ही आघाडी उरत नाही. शिवाय 'शिउचिउ' नावाची दुसरी पेप्टाइडे सापडली. ती आपला-परका न पाहता दोघांनाही सारखेच बोलावतात. म्हणजे या दाराला कुलूप नाहीच. रांगेत कोणाला आधी सोडायचे, एवढेच इथे ठरते.

आणि रांगेत मागे असलेल्यालाही कधी संधी मिळतेच. आपल्या फोडणीतली मोहरी, ब्रासिका जुन्सिया, दोन वेगळ्या जातींच्या संकरातून जन्मली: एकीची गुणसूत्रे 20, दुसरीची 16, हिची 36. हे नाते 1935 मध्ये उ नागाहारू यांनी मांडले. त्यांचे वडील कोरियन होते, आई जपानी.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे, तर म्हणेन: परागकणाला जात कळत नाही. त्याला फक्त हाक ऐकू येते. आणि हाक बदलते. त्या गृहस्थांना मात्र काही सांगणार नाही. पुढच्या भेटीत मोहरीची फोडणी दिलेले वरण वाढीन.