कवच टणक होईपर्यंत

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या मोहावे वाळवंटात उन्हाळा सरता सरता कासवाची पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात. तेव्हा त्यांची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते. पाठीवर कवच असते, पण ते नखासारखे लवचीक, बोटाने दाबले तर दबणारे. त्याखालचे हाड भरून टणक व्हायला ५ ते ७ वर्षे लागतात. कासव म्हटले की दगडासारखी पाठ डोळ्यांपुढे येते, त्यामुळे बालपणातली ही नाजूक वर्षे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. आकाशातून येणाऱ्या शिकाऱ्याला मात्र ती चांगली ठाऊक असतात.

पूर्ण वाढलेले कासवही पक्ष्यांपासून सर्वस्वी सुरक्षित नसते. ग्रीस आणि बल्गेरियातले सोनेरी गरुड कासव पंजात धरून उंच उडतात आणि खडकावर टाकून त्याचे कवच फोडतात. ग्रीक नाटककार एस्किलस याचा मृत्यू गरुडाने टाकलेले कासव डोक्यावर आदळल्याने झाला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, गरुडाची ही सवय त्या काळच्या लोकांनी नीट पाहिलेली होती, एवढे त्यातून कळते. मोहावेतही सोनेरी गरुड आहेत, लाल शेपटीचे बाज आहेत, बिळात राहणारी घुबडे आहेत. पण तिथल्या पिल्लांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे रॅव्हन. शास्त्रीय वर्गीकरणात हा शिकारी पक्षी नव्हे, कावळ्याच्याच कुळातला. आपल्या डोमकावळ्यापेक्षा बराच मोठा, जाड चोचीचा आणि विलक्षण हुशार. तो पिल्लाच्या पाठीवर चोचीने घाव घालून भोक पाडतो, नाहीतर कवचातून डोके आणि पाय ओढून काढतो. १९८०च्या दशकात मोहावेतल्या एकाच घरट्याखाली ४ वर्षांत अडीचशे पिल्लांची कवचे सापडल्याची नोंद आहे. रॅव्हनची घरटी वसंतात भरलेली असतात आणि त्याच दिवसांत वाळवंटातली फुले-पाने खायला कासवे बिळाबाहेर पडतात, त्यामुळे ही गाठ दर वर्षी पडते.

रॅव्हन या वाळवंटात पूर्वीही होते, पण थोडे. माणसाची वस्ती वाढली तसे कचऱ्याचे ढीग आले, सांडपाण्याची तळी आली, रस्त्यावर गाड्यांखाली मेलेली जनावरे आली. झाडे विरळ असलेल्या प्रदेशात घरट्याला जागा कमी होती, ती विजेच्या मनोऱ्यांनी दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. दोष पक्ष्याच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. शिवाय स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या १९१८च्या अमेरिकी कायद्याने रॅव्हनला संरक्षण आहे, आणि १९९०मध्ये संकटग्रस्त ठरलेल्या मोहावे कासवालाही वेगळ्या कायद्याने. दोघांनाही जगवायचे, तर पिल्लांच्या डोक्यावर छप्पर घालणे हा एक सरळ मार्ग उरतो.

त्या दिशेने पहिले काम १९९०च्या सुमारास फोर्ट अर्विन या लष्करी तळावर सुरू झाले. पुढे एडवर्ड्स हवाई तळ, ट्वेंटीनाइन पाम्सचा मरीन सैनिकांचा तळ आणि मोहावे राष्ट्रीय अभयारण्यातले इव्हानपा खोरे इथेही पिल्ले वाढवण्याची अशी बंदिस्त आवारे उभी राहिली. पद्धत साधारण अशी: पोटात अंडी असलेली मादी क्ष-किरण तपासणीने ओळखायची, तिला आवारात आणायचे, अंडी घातली की जिथून उचलली तिथेच परत सोडायचे. पिल्ले मात्र काही वर्षे आवारातच वाढतात.

आवाराचा खरा कस लागतो तो छपरात. पत्रा किंवा काच घालून पक्षी नक्कीच अडेल, पण उन्हातले अतिनील किरणही अडतील. त्या किरणांमुळे कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय कॅल्शियम हाडात मुरत नाही. नाजूक कवच वाचवण्यासाठी घातलेले छप्परच कवच नाजूक ठेवील, असा पेच त्यातून उभा राहतो. म्हणून छप्पर जाळीचेच हवे. जाळीची भोके दोन-अडीच सेंटिमीटरची असली तर मोठा पक्षी आत शिरत नाही. पण जाळी सैल पडली, तर तिच्यावर बसलेला पक्षी वजनाने तिला खाली दाबतो आणि भोकातून चोच घालतो. मोहावेतला वारा जोरकस असतो, त्यामुळे जाळीला खालून तारेच्या दोरांचा आधार देऊन ती ताणून ठेवावी लागते. ती माणूस उभा राहील इतक्या उंचीवर असली की आतली कामेही सोपी होतात. बारीक नायलॉन धाग्याची स्वस्त जाळी टाळावी: तिच्यात साप, सरडे आणि लहान पक्षी अडकून तडफडून मरतात. उन्हात न कुजणारी जाड धाग्याची किंवा वेल्ड केलेल्या तारेची जाळी महाग पडते, तरी तीच घ्यावी. बाजूचे कुंपण जमिनीत खोल पुरलेले हवे, कारण कोयोट आणि खोकड खालून उकरतात. अगदी लहान पिल्लांसाठी खालच्या भागात आणखी बारीक जाळी लागते. खारीही त्यांना सोडत नाहीत.

बुजगावणी, प्लास्टिकची घुबडे आणि चमकणाऱ्या पट्ट्या यांच्यावर विसंबता येत नाही. रॅव्हनसारखा पक्षी त्यांना लवकरच सरावतो. झुडपे मात्र खरोखर उपयोगी पडतात: सावली देतात आणि लपायला जागाही. प्लास्टिकचा पाइप उभा चिरून, अर्धा भाग पालथा घालून वर माती लोटली की तयार बीळ होते. उरलेला पाला आणि साठलेले पाणी वेळेवर काढणे हेही संरक्षणाचेच काम, कारण पक्षी बहुधा आधी त्यालाच भुलून येतो.

कोकणात हाच प्रश्न वेगळ्या कासवापुढे आहे. वेळासच्या किनाऱ्यावर २००२पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी कुंपणाच्या आत, वाळूत पुरून सांभाळली जातात. पिल्ले वर येण्याच्या सुमारास घरट्यावर वेताची टोपली पालथी घालतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. कावळा, घार आणि कुत्रा यांच्यापासून पिल्ले तेवढा वेळ वाचतात. त्यांना आवारात वर्षानुवर्षे ठेवण्याचा प्रश्न येत नाही, कारण ती लगेच समुद्रात जातात. जमिनीवरचे तारा कासव घरी पाळणे भारतात गुन्हाच आहे. त्याची आवारे प्राणिसंग्रहालये आणि बचाव केंद्रांतच असतात, आणि वरचे नियम तिथेही तितकेच लागू पडतात.

मोहावेतल्या पिल्लांची लांबी १० सेंटिमीटरच्या पुढे गेली की कवच रॅव्हनच्या चोचीला बऱ्यापैकी दाद देईनासे होते. वाढ लवकर व्हावी म्हणून अलीकडे काही पिल्ले पहिले वर्ष उबदार खोलीत वाढवून मग जाळीखाली आणतात. सोडण्याची जागाही विजेच्या मनोऱ्यांपासून आणि रॅव्हनच्या घरट्यांपासून दूरची निवडतात. टिम शील्ड्स या जीवशास्त्रज्ञाने त्याच्या पुढचा उपाय करून पाहिला आहे: थ्री-डी छपाईने बनवलेले खोटे पिल्लू वाळवंटात ठेवायचे, आणि रॅव्हनने चोच मारली की त्यातून द्राक्षाच्या स्वादाचा, पक्ष्यांना न सोसणारा फवारा उडतो. जाळीच्या बाहेर आलेल्या कासवाला मनोऱ्यांखालच्या त्याच वाळवंटात पुढची पन्नास वर्षे काढायची असतात, म्हणून कचऱ्यावर झाकण घालणे आणि मनोऱ्यांवरची घरटी आवरणे ही कामे आवाराच्या जोडीनेच चालू ठेवावी लागतात.