बुडाखालची मोहोर

मातीचे भांडे हाती आले की रंगरूपाआधी त्याचे बूड न्याहाळावे, असे मी आग्रहपूर्वक सांगतो. कारण कारागिराची साक्ष बहुधा तेथेच, झिलई न पोहोचलेल्या कड्यालगत, उमटलेली असते.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, सेंट आइव्हज येथे, बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा यांनी १९२० साली स्थापिलेल्या कारखान्याच्या भांड्यांवर ‘एस’ व ‘आय’ ही परस्परांत गुंफलेली रोमन अक्षरे आणि दोन ठिपके असलेला शिक्का आढळतो. त्याच्या जोडीला घडविणाऱ्याची आद्याक्षरे दिसली, तर ते भांडे एका व्यक्तीचे कर्तृत्व समजावे, आणि नित्योपयोगी वाडगे-थाळ्यांवर कारखान्याचाच शिक्का एकटा असला, तर तो अनेक हातांच्या सामुदायिक श्रमाचा दाखला मानावा. लीच यांचे शिष्य मायकेल कार्ड्यू यांनी १९२६ साली ग्लॉस्टरशरमधील विंचकम येथे काम आरंभिले, तेव्हा त्यांच्या भांड्यांवर ‘एमसी’ आणि ‘डब्ल्यूपी’ या मोहोरा आल्या. याउलट, हामादांनी जपानला परतल्यावर भांड्यांवर शिक्का उमटविणेच सोडले. त्यांची सही भांड्यासोबतच्या लाकडी पेटीवर शोधावी लागते.

अस्सल शिक्का ओलसर मातीत, भाजणीपूर्वी दाबलेला असतो. म्हणून त्याच्या कडा मऊ असतात आणि झिलई तेथवर ओघळली असल्यास खळग्यात दाट साचते. भाजल्यानंतर कोरलेल्या खुणेच्या कडा मात्र खरबरीत लागतात. भिंग घ्या, तिरपा प्रकाश पाडा, आणि बोटाने चाचपून पाहा.