चाळींतील उष्णमापक व त्यांच्या सॉफ्टवेअरची बांधणी

हल्लीं कांहीं ठिकाणीं कांद्याच्या चाळींत उष्णमान मोजणारे सेन्सर बसविण्याचा प्रघात पडूं लागला आहे. आमच्याही चाळींत ते आहेत. परंतु सेन्सर उत्तम असून भागत नाहीं. त्याचे आंकडे मिळवून देणारें सॉफ्टवेअर कोणत्या रीतीनें बांधून दिलें आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें. ही गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलों, म्हणून ती शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहों.

साठविलेल्या कांद्यास सुमारें २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. राशीच्या पोटांत सड लागली म्हणजे तेथें ऊब वाढूं लागते. यासाठीं आम्हीं डीएस१८बी२० जातीचे सेन्सर राशींत ठिकठिकाणीं पुरले. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान यांची चूक अर्ध्या अंशाच्या आंत राहते. प्रत्येकास ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक कारखान्यांतच मिळालेला असतो. जमिनीस सर्व्हे नंबर असतो तसाच. म्हणून एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडले तरी घोटाळा होत नाहीं.

चाळींतील लहान संगणकावर ओडब्ल्यूसर्व्हर नांवाचा प्रोग्राम चालतो व मागेल त्यास नेटवर्कवरून आंकडे देतो. घरच्या संगणकावरून ते मागण्यास पायथॉन भाषेंतील पायओनेटसारखी छोटी लायब्ररी पुरते. लायब्ररी म्हणजे येथें ग्रंथालय नव्हे. वारंवार लागणाऱ्या आज्ञांचा तयार संच होय.

आमचें काम ज्यानें केलें, त्यानें अशी लायब्ररी स्वतःच लिहून सुट्या फाइलींच्या रूपानें ठेविली होती. तिला आवृत्तीचा क्रमांक नव्हता. तिला आणखी कोणतें सॉफ्टवेअर लागतें, याची नोंदही नव्हती. गेल्या श्रावणांत घरचा संगणक बिघडला. फाइली नव्या संगणकावर उतरविल्या, पण त्या चालेनात. नऊ दिवस आंकडे मिळाले नाहींत. वास आला तेव्हां मधली रास सडून गेली होती. चाळींतील सेन्सर मात्र सारे दिवस मोजीतच होते!

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. नोंदीवांचून कागद निरुपयोगी, हा तेथील पहिला धडा. सॉफ्टवेअरलाही तोच लागू आहे. लायब्ररीसोबत पायप्रोजेक्ट डॉट टॉमल नांवाची फाइल असावी. तींत नांव, आवृत्ती, पायथॉनची कोणती आवृत्ती लागते, व इतर कोणत्या लायब्रऱ्यांवर भिस्त आहे, हें लिहिलेलें असावें. आवृत्तीचे आंकडे बहुधा तीन असतात. जुनी रीत मोडणारा बदल झाल्यास पहिला, नवी सोय वाढल्यास दुसरा व केवळ दुरुस्ती झाल्यास तिसरा वाढवावा. या सर्वांचें 'व्हील' नांवाचें एक गांठोडें होतें. तें पिप या साधनानें एका आज्ञेंत संगणकावर बसतें, आणि नोंद असेल तर लागणारें इतर साहित्यही पिप स्वतः आणतें.

मात्र परावलंबन थोडें असावें. सातबाऱ्यावर हिस्सेदार जितके अधिक, तितके फेरफाराचे तंटे अधिक. केवळ पायथॉनमध्यें लिहिलेलें हलकें पॅकेज लहान संगणकावरही चालतें व मोठ्यावरही.

यास्तव शेतकरी बंधूंस आमची सूचना आहे कीं, कारागिराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं तें पॅकेज एखाद्या कोऱ्या संगणकावर आपल्यासमक्ष बसवून घ्यावें, आंकडे येतात कीं नाहीं तें पाहावें, आणि पॅकेजची एक प्रत, लागणाऱ्या लायब्रऱ्यांसह, आपल्या घरीं ठेवावी. आम्हीं आतां तसें करून घेतलें आहे. नव्या संगणकावर सर्व काम घटकाभरांत झालें. हीच घटका श्रावणापूर्वीं खर्चिली असती, तर एक रास वांचली असती.