पोंच मिळेपर्यंत

यंत्राकडून काम करून घेण्याची विद्या आज बरीच पुढें गेली आहे. परंतु यंत्राचें काम मध्येंच फसलें असतां काय करावें, ही विद्या तितकीशी परिचित नाहीं. मोबाईलवरून छायाचित्रें आपोआप पाठविणाऱ्या व्यवस्थेंत तिची गरज पदोपदीं भासते. तिचा विचार आज अहिल्यानगर जिल्ह्यांतील राहाता तालुक्याच्या एका शेताच्या निमित्तानें करूं.

राहात्याचे पेरू आणि कालव्यांखालचा ऊंस आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक आहेत. अशा पिकांची नोंद सातबाराच्या उताऱ्यांत, गांव नमुना बारामध्यें, होत असते. पूर्वीं ती तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें आणि गट क्रमांक, क्षेत्र व अक्षांश-रेखांश यांसह तें शासनाच्या संगणकाकडे पाठवावें, अशी ही योजना होय. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, या सर्वांस ही नोंद लागते. चित्र पोहोंचलें नाहीं, तर उभें पीक कागदावर नाहींसें होतें. चित्राचें मोल येथें आहे.

आतां शेतांत रेंज नसली, अथवा चित्र निम्में गेल्यावर तुटली, तर काय? पाठविलेल्या वस्तूच्या तीन गति संभवतात: ती पोहोंचली, ती पोहोंचली नाहीं, आणि ती पोहोंचली कीं नाहीं हें पाठविणाऱ्यास कळलेंच नाहीं. पहिल्या दोहोंचा उपाय सोपा आहे. खरी अडचण तिसरीची. चित्र सुखरूप पोहोंचलें, परंतु परतीच्या वाटेवर पोंचच हरवली, असेंही घडतें. अशा वेळीं पाठविणाऱ्यानें स्वस्थ बसावें, तर नोंद बुडण्याचें भय. पुन्हां पाठवावें, तर एकाच शेताचा ऊंस दोनदां मोजला जाण्याचें भय.

या पेंचांतून सुटण्याची युक्ति साधी आहे. पहिल्या प्रयत्नापूर्वींच मोबाईलनें त्या नोंदीस एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि प्रत्येक प्रयत्नांत तोच क्रमांक पाठवावा. पलीकडच्या संगणकानें तो ओळखून, नोंद आधींच झाली असल्यास नवी न करतां केवळ पोंच द्यावी. मग दहा वेळां पाठविलें तरी नोंद एकच राहते. आणि ही पोंच हातीं येईपर्यंत मोबाईलमधील मूळ चित्र पुसूं नये, हा दुसरा नियम. रजिस्टर पत्राची पोंचपावती येईपर्यंत नक्कल जपून ठेवणारे आपले वडीलधारे हाच नियम पाळीत असत.

तिसरा नियम कारण ओळखण्याचा. संगणक नकार देतांना सांकेतिक आंकडा कळवितो. ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाहीं. येथें थांबून पुन्हां यत्न करावा. ४१३ म्हणजे पाठविलेला मजकूर फार मोठा आहे. तेंच चित्र शंभरदां पाठवून उपयोग नाहीं, तें लहान करावयास हवें. ४०१ म्हणजे ओळख पटली नाहीं. पुन्हां लॉगिन करावें. कारण न पाहतां केलेला हट्ट व्यर्थ जातो.

थांबण्याचीही एक रीत आहे. मुदतीच्या अखेरच्या दिवशीं हजारों मोबाईल एकाच वेळीं धांव घेतात. नकार मिळतांच सर्वांनीं तत्क्षणीं पुन्हां दार ठोठावलें, तर दमलेला संगणक अधिकच दमतो. म्हणून २ सेकंद, मग ४, मग ८, मग १६, असें अंतर वाढवीत जावें, आणि त्यांत थोडी अनियमितता मिसळावी, म्हणजे सर्वांची गांठ पुन्हां एकाच क्षणीं पडत नाहीं. चित्र मोठें असल्यास त्याचे तुकडे करून पाठवावे. तुटलें तेथूनच पुढें चालूं करतां येतें. एक चित्र अडलें म्हणून रांगेंतील बाकीचीं अडवूं नयेत, हेंही ध्यानांत ठेवावें.

इतकें करूनही यश न आलें, तर यंत्रानें ठराविक प्रयत्नांनंतर थांबून मनुष्यास स्पष्ट मराठींत सांगावें: कोणत्या गटाची नोंद राहिली, कां राहिली, आतां काय करावें. मूकपणें हरणारें यंत्र सर्वांत घातक होय. कारण शेतकरी नोंद झाली या समजुतीनें निश्चिंत राहतो, आणि सत्य त्यास कळतें तें गारपिटीनंतर, भरपाईच्या यादींत नांव न सांपडल्यावर.

आपल्यापैकीं कित्येकांची वडिलोपार्जित जमीन गांवीं असेल, आणि तेथील भावाबंदांच्या हातीं हेंच यंत्र असेल. त्यांस एवढेंच सांगावें: बटण दाबलें म्हणजे काम झालें असें मानूं नका. मुदत संपण्यापूर्वीं नोंद उतरली कीं नाहीं, हें एकदां डोळ्यांनीं पाहा. पाठविणें हें अर्धेंच काम होय. उरलेलें अर्धें पोंच मिळाल्यावर पुरें होतें.